चौदा एकरांना एवढं मोठं धूड कशाला?

हा प्रश्न मला गेल्या चार महिन्यांत इतक्या जणांनी विचारलाय की प्रत्येकाला फोनवर वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. विचारणाऱ्यांत इथले शेजारी आहेत, ऑफिसातले दोघे आहेत, दोन डीलर आहेत. कोल्हापूरचे काका तर आहेतच. "भाड्यानं जेसीबी आण, काम झालं की पाठवून दे, दारात पांढरा हत्ती कशाला बांधतोस?" हे त्यांचं म्हणणं. बाकीच्यांचं म्हणणं जरा सभ्य भाषेत तेच: लहान घे, नवं घे, बिनव्याजी हप्त्यावर घे.

मी मोठं घेतोय, जुनं घेतोय, आणि रोख घेतोय. तिन्ही बाबतीत मी शहाण्यांच्या विरुद्ध आहे, तेव्हा भांडण सविस्तरच करू.

आधी तिकडच्या मंडळींसाठी. आपल्याकडे पिवळं दिसलं की जेसीबी आणि साखळीवर चाललं की पोकलेन, एवढ्या दोन शब्दांत सगळी यंत्रं बसतात. मी म्हणतोय त्याचं नाव कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडर. रबरी पट्ट्यांवर चालतं, जागच्या जागी गोल फिरतं, ड्रायव्हर पिंजऱ्यात बसतो आणि पुढच्या दोन हातांना बकेट, पंजा, झुडपं कापायचं यंत्र असं काहीही लावता येतं. (जेसीबी कंपनीचं असं यंत्र एकाच हाताचं आणि बाजूला दार असलेलं असतं. पुढं ओंडका धरलेला असताना बाजूनं उतरता येणं ही जंगलात फार मोठी सोय आहे. म्हणजे काका अगदीच चुकीचं बोलत नाहीत!)

याचा पूर्वज मिनेसोटातल्या केलर बंधूंनी १९५७ साली बनवला. एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याला शेडमधली घाण काढायची होती, आणि खांबांच्या मधून जाईल असं काहीच बाजारात मिळत नव्हतं. पुढं त्याचंच बॉबकॅट झालं. तर या यंत्राचा जन्मच अडचणीच्या जागेसाठी झालाय, आणि म्हणून "जेवढं लहान तेवढं गुणी" हा समज त्याला चिकटलाय. टर्कीच्या शेडसाठी तो बरोबरच होता. पण आमच्याकडे टर्की नाहीत, मेलेले ओक आहेत.

आम्ही कनेक्टिकटच्या ईशान्य कोपऱ्यात राहतो. ॲशची झाडं पोखरणारा तो हिरवा किडा अमेरिकेत पहिल्यांदा २००२ साली डेट्रॉइटजवळ सापडला, आमच्या राज्यात २०१२ साली पोचला. त्यानं ॲश संपवले. मग २०१५ ते २०१८ या काळात स्पंजी मॉथच्या अळ्यांनी ओकची पानं खाऊन टाकली, वर दुष्काळ, आणि राज्याच्या पूर्व भागातले ओक रांगेनं वाळले. आमच्या चौदा एकरांत उभी मेलेली मोठी झाडं मी मोजली तेव्हा साठाच्या पुढं गेल्यावर मोजणं सोडून दिलं. त्यातली बावीस घरापर्यंत येणाऱ्या रस्त्याच्या टप्प्यात आहेत. हा रस्ता ९०० फूट, आणि दुसरा रस्ता नाही. आई आमच्याकडे असते, तिचं वय ८३. जानेवारीतल्या बर्फात रस्त्यावर ओक आडवा पडला तर ॲम्ब्युलन्स खाली मेन रोडवरच उभी राहणार. माझ्या हिशेबात सगळ्यात वरची ओळ ही आहे, हप्ते त्याच्या बरेच खाली येतात.

आता मुख्य मुद्दा. सगळे विचारतात किती एकर? एकरांचा आणि मशीनच्या आकाराचा फारसा संबंध नाही. एकरांवरून तास ठरतात. चौदा एकरांना जास्त वेळ लागेल, पाच एकरांना कमी. मशीनचा आकार ठरतो उचलायच्या सगळ्यात जड वस्तूवरून, आणि पाच एकरांतला ओक चौदा एकरांतल्या ओकपेक्षा हलका नसतो.

वजन काढायला शाळेचं गणित पुरतं. दोन फूट व्यासाचा, बारा फूट लांबीचा ओंडका घ्या. घनफळ साधारण ३८ घनफूट. ओल्या लाल ओकचं वजन घनफुटाला ६३ पौंडांच्या आसपास. म्हणजे एक ओंडका झाला सुमारे २,४०० पौंड. तिकडच्या भाषेत अकरा क्विंटल. वाळलेलं उभं झाड थोडं हलकं भरतं, पण बुंध्यात पाणी खूप दिवस टिकतं, तेव्हा मी सूट धरत नाही. हिमनदीनं आमच्या जमिनीत पेरून ठेवलेले दगड वेगळे. तीन फूट व्यासाचा ग्रॅनिटचा गोटा २,३०० पौंडांच्या पुढं जातो.

आता मशीनकडे या. कंपनीच्या कागदावर 'रेटेड ऑपरेटिंग कपॅसिटी' नावाचा आकडा असतो, म्हणजे किती वजन उचलून सुरक्षित चालता येईल. उदाहरण म्हणून एकाच कंपनीची दोन मॉडेलं घेऊ, म्हणजे पक्षपात नको. कुबोटाचं मधलं एसव्हीएल ७५-२: २,३०० पौंड. मोठं एसव्हीएल ९५-२एस: ३,२०० पौंड. यातल्या बकेटच्या जागी आपण पंजा लावणार. जंगलकामाचा मजबूत पंजा हजार पौंडांच्या आसपास असतो, बकेटपेक्षा चार-पाचशे पौंड जास्त. शिवाय ओंडका बकेटमधल्या मातीपेक्षा पुढं लटकतो, तरफ लांब होते. ढोबळ धरा: मधल्या मशीनकडे उरले १,८०० पौंड, मोठ्याकडे २,७००. मोठं माझा बारा फुटी ओक उचलतं. मधल्याला तोच ओक आठ फुटांचा करून द्यावा लागतो. आणि लहान मशीन, ज्याचा आकडाच मुळात दीड हजाराच्या आसपास असतो, ते आठ फुटीसुद्धा ओढत नेतं, उचलत नाही.

"मग काप की अजून एकदा, काय बिघडलं?" असं एक शेजारी म्हणाले. बिघडतं हे की कापायला पिंजऱ्याबाहेर उतरावं लागतं. एकमेकांवर पडलेल्या, ताणाखाली असलेल्या खोडांच्या ढिगात उभं राहून चेनसॉ चालवणं हा या सगळ्या उद्योगातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे, आणि लहान मशीन नेमकं तेच काम वाढवतं. मशीनमध्ये वाचवलेले पैसे माझ्या पायांच्या भरवशावर वाचतात. पंचावन्नाव्या वर्षी मला तो सौदा परवडत नाही.

(एक खुलासा, कारण बहिणीचा फोन येणारच आहे: उभं मेलेलं झाड मी मशीननं ढकलून पाडणार नाही. मेलेल्या ॲशचा शेंडा मोडून थेट टपावर येतो. रस्त्यालगतची बावीस झाडं परवाना असलेला माणूस क्रेनवाल्या गाडीतून पाडणार आहे. झाड जमिनीवर आल्यावरचं काम माझं. तरीही मी वरून पडणाऱ्या वजनासाठीचं जाड छत आणि पॉलिकार्बोनेटचं दार असलेलंच मशीन पाहतोय.)

आता विक्रेत्यांची गंमत. पट्ट्यांच्या मशीनची क्षमता मोजायचा रिवाज असा की टिपिंग लोडच्या, म्हणजे मशीन पुढं कलंडेल त्या वजनाच्या, ३५ टक्के धरायचे. चाकांच्या लोडरला ५० टक्के धरतात. आता बऱ्याच पट्टावाल्यांच्या माहितीपत्रकांत दोन्ही आकडे छापलेले असतात. एका डीलरनं (नाव नको) मला मधल्या मशीनचा आकडा सांगितला "जवळजवळ तेहतीसशे". मी खूश होणार इतक्यात कागद पाहिला. तो ५० टक्क्यांचा आकडा होता. ३५ टक्क्यांनी तेच मशीन २,३०० वर येतं. म्हणजे मधल्याचा फुगवलेला आकडा मोठ्याच्या खऱ्या आकड्यापेक्षाही जास्त दिसतो! खोटं कुणीच बोललं नाही, दोन्ही आकडे छापील आहेत. फक्त एक आकडा सपाट काँक्रीटवरच्या माणसाचा आहे आणि दुसरा उतारावर, मुळं-दगडांवर चालणाऱ्याचा.

दुसरी गंमत अश्वशक्तीची. बाजारात इतकी मशीनं ७४ अश्वशक्तीवर का अडकलेली असतात? कुठल्या इंजिनिअरला ७४ हा आकडा शुभ वाटला म्हणून नव्हे. अमेरिकेच्या टियर ४ नियमांत ७५ च्या वर गेलं की नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा फार कडक होते, आणि मग बहुतेकांना धुरात युरियाचं पाणी (डीईएफ) फवारायची यंत्रणा लावावी लागते. ७५ च्या खाली ती टळते. म्हणून ७४. "बघा, आमच्याला डीईएफची कटकट नाही" हे विक्रीचं वाक्य त्यातून आलं. कटकट खरी आहे, ते मी नाकारत नाही. डीईएफ उणे अकरा अंशाला गोठतं, सेन्सर रुसतात. पण नियमाच्या कुंपणाला टेकून बनलेलं मशीन माझ्या जंगलासाठी बेतलेलं आहे असं मला कुणी समजावू नये. अश्वशक्तीपेक्षा मला हायड्रॉलिक तेलाचा प्रवाह महत्त्वाचा वाटतो. वर सांगितलेल्या मधल्या मॉडेलचा हाय-फ्लो मिनिटाला २४ गॅलन, मोठ्याचा साधा प्रवाहच तेवढा, आणि हाय-फ्लो ४०. झुडपं कापायचं यंत्र चालतं ते याच तेलावर. ओक हलले की मला बार्बेरीच्या काटेरी जाळ्या काढायच्या आहेत, कारण त्या दमट सावलीत गोचिड्या पोसल्या जातात. लाइम रोगाचं नाव ज्या गावावरून पडलं ते याच राज्यात आहे, तेव्हा हा काही बागकामाचा शौक नाही.

बरं, मोठं हवं हे मानलं, पण जुनं का? कारण तेवढ्या पैशात मोठं जुनंच येतं, आणि जुनं मला पुरतं. मला मिळालेली कोटेशनं अशी: नवं मधलं ७४ हजार डॉलर. नवं मोठं लाखाच्या घरात. आठ वर्षांचं, २,१०० तास चाललेलं मोठं ४६ हजार. ठेकेदाराचं मशीन वर्षाला आठशे-हजार तास चालू शकतं. माझं सुरुवातीची दोन वर्षं शंभर-शंभर तास, पुढं त्याच्या निम्मंही नाही. मी दहा वर्षांत जेमतेम सहाशे तास टाकणार. नव्या मशीनची झीज सोसायला लागणारे तास माझ्या आयुष्यातच नाहीत, मग त्या तासांचे पैसे मी का भरू? वॉरंटी म्हणाल तर पट्टे, रोलर, स्प्रॉकेट झिजले तर ती सहसा हात वर करते. खालून फांदी घुसून होज फाटला तर तेही आपलंच. जंगलात जे बिघडतं नेमकं तेच वॉरंटीत नसतं.

जुन्यात फसायला होतं, ते शंभर टक्के कबूल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला एक झिजलेली अंडरकॅरेज पुरते. म्हणून मी दहा हजार डॉलर त्यासाठी बाजूला काढूनच किमतीची तुलना केली, आणि ते धरूनही मोठं जुनं १८ हजारांनी स्वस्त पडतं. पाहिलेल्या सहापैकी पाच मशीनं मी नाकारली. एक तर मी पोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवलं होतं. गार इंजिन कसं सुरू होतं हेच तर पाहायचं असतं, विक्रेत्याला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार, तेव्हा मी गाडीतून उतरल्या उतरल्या परत बसलो. दुसऱ्याच्या स्प्रॉकेटचे दात वाघनखांसारखे वाकलेले, आणि वर नवेकोरे पट्टे. हा तर मेकअप. तिसऱ्याच्या मीटरवर १,४०० तास, पण सीट, पेडल आणि जॉयस्टिकची रबरं दुप्पट वयाची. चौथं आयुष्यभर मल्चरवर चाललेलं. मल्चर म्हणजे पूर्ण प्रवाहावर, पूर्ण तापून, तासन्‌तास. ते तास साध्या तासांच्या दीडपट धरावेत असं माझं मत. पाचवं सगळ्यात देखणं होतं, पण त्यावर बँकेचं कर्ज बाकी निघालं. मोटारीसारखा मालकीचा कागद अशा यंत्रांना नसतो, त्यामुळे सिरीयल नंबर आणि विक्रेत्याचं नाव घेऊन राज्याच्या नोंदीत तारण शोधावं लागतं. थोड्या पैशांत होतं, आणि कुणी करत नाही.

सहाव्याचं तेल लॅबला पाठवलं, फॉल्ट कोड मेकॅनिककडून काढून घेतले, हात वर करून पिना हलवून पाहिल्या. रोलरला गळती आहे, एका बाजूची. किंमत त्यावर उतरली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळा वाद पिवळं चांगलं की नारिंगी यावर जाईल.

भाड्याबद्दल काकांना: तिकडे जेसीबी तासावर मिळतो आणि बरोबर ड्रायव्हर येतो, म्हणून तुमचं म्हणणं तिथं बरोबर आहे. इथं मशीन एकटं येतं, आणि भाड्याची कंपनी जंगलकामाचं म्हटलं की नाक मुरडते. बऱ्याच करारांत ती मनाईच असते. शिवाय झाडं आपल्याला सोयीच्या आठवड्यात पडत नाहीत. वादळानंतर तालुक्यातल्या सगळ्यांना त्याच दिवशी मशीन हवं असतं.

उरलेले आक्षेप पटापट. रुंदी: मोठं मशीन साडेसहा फुटांच्या आसपास. आमच्या जंगलात शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी रचलेल्या दगडी भिंती आहेत, आणि त्यांनी बैलगाडीसाठी सोडलेल्या फटी मी टेपनं मोजल्यात. सगळ्यात अरुंद आठ फूट. जमीन दबते: पट्टे रुंद असल्यानं दाब चौरस इंचाला चार-पाच पौंडांच्या घरात, मोटारीच्या टायरचा तीसच्या वर. जमीन खराब होते ती जागच्या जागी वळल्यानं, ते ड्रायव्हरच्या हातात आहे. वाहतूक: मोठं मशीन ट्रेलरवर चढवलं की गाडी-ट्रेलरची नोंदलेली क्षमता २६ हजार पौंडांपुढं जाऊ शकते आणि लायसन्सचा प्रश्न येतो. पण मी ते फिरवणारच नाही! एकदा पैसे देऊन आणायचं, बस.

एक आक्षेप मात्र कुणीच घेतला नाही आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो: आग. बेली पॅनमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या पत्र्याच्या कढईत, वाळकी पानं साठतात, वर तेलाचा एखादा पाझर, शेजारी तापलेला एक्झॉस्ट. त्यात काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करू लागला की उष्णता अजून वाढते. अशी मशीनं उभ्या उभ्या जळतात, लहान आणि मोठी सारखीच. त्यामुळे रोज संध्याकाळी पॅन उघडून ब्लोअर मारणे हे काम हिनं स्वतःकडे घेतलंय, कारण तिच्या मते मी ते दुसऱ्या आठवड्यात विसरेन :) पिंजऱ्यात एक आणि बाहेर एक असे दोन अग्निशामक घेतलेत. फिल्टर जाळायची वेळ आली की मशीन खडीवर आणायचं, पानांवर नाही.

ओढ्याकाठच्या दलदलीतले ॲश तसेच राहणार. तिथं १९७२ च्या पाणथळ जमिनींच्या कायद्याप्रमाणे गावच्या कमिशनची परवानगी लागते, आणि ते रस्त्यापासून लांब आहेत. सुतार पक्ष्यांनी त्यांचा ताबा आधीच घेतलाय. पंजाची किंमत अजून ठरलेली नाही. तेवढ्यासाठी कुणाकडे ७८ इंची, दोन स्वतंत्र जबड्यांचा जुना पंजा पडून असेल तर कळवा. वेल्डिंगच्या खुणा चालतील, वाकलेला दात चालणार नाही.